पाणी आलेलं गाव

सांगली,
८ फेब्रुवारी १९९७

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. आईचा खोकला आता बराच कमी आहे. मायाला म्हणावं, मामाने तुझ्यासाठी रंगपेटी घेऊन ठेवली आहे, येताना आणतो. कारण मी खरंच येतोय, आणि तेही सरकारी गाडीतून!

मी पाट्या रंगवायचं काम सोडलं. आता 'चंदेरी व्हिडिओ'मध्ये कॅमेऱ्यावर आहे. मालक लालासाहेब म्हणून आहेत. आधी लग्नाचं शूटिंग करायचे, दिवाळीपासून त्यांना सरकारी प्रचाराचं काम मिळालंय. ज्या गावांत योजना चांगल्या चालल्या त्या गावांच्या छोट्या छोट्या फिल्म काढायच्या. त्या केबलवर दाखवतात आणि व्हिडिओ रथावरून गावोगाव नेतात. रथ म्हणजे मॅटाडोर, मागे पडदा, वर कर्णे. अंधार पडला की अख्खं गाव समोर येऊन बसतं.

या वेळच्या गावांत तुमची बोरजाईवाडी आहे. नळयोजनेचं गाव म्हणून. टाकी बांधून झाली, नळ बसले, असं प्रचार खात्याच्या साहेबांनी सांगितलं. पाणी कुठल्याही दिवशी सुटेल म्हणाले. ताई, एक काम कर. आण्णांना तयार ठेव. तुझे सासरे म्हणून म्हणत नाही, पण पलटणीत राहिलेला माणूस, ताठ बसणं, ती मिशी, तो आवाज, असा माणूस कॅमेऱ्याला रोज मिळत नाही. साहेबांना मी त्यांचं नाव सांगूनसुद्धा टाकलंय. पांढरा सदरा घालायला सांग.

भाऊजी फलटणहून त्या दिवशी येऊ शकले तर बरं. कारखान्याचा सीझन आहे, रजा मिळणार नाही म्हणा.

तुझा,
कपिल


बोरजाईवाडी, औंधजवळ,
२ मार्च १९९७

चि. कपिल यास,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

तू आलास आणि जेवण न करता गेलास. सासूबाईंनी तुझ्यासाठी कोंबडी केली होती. दोन्ही वेळेला आम्हीच खाल्ली. तुझी रंगपेटी मायाने माझ्या अंगणवाडीत नेऊन सगळ्या पोरांना दाखवली. एक निळा रंग तेवढा कुणाला देत नाही.

शूटिंगची अजून चर्चा आहे. टँकर टाकीला मागच्या बाजूने लावून आत रिकामा केला ते साऱ्या गावाने पाहिलं. पण नळाला धार लागली तेव्हा बायका टँकर विसरल्या. हरणाबाईने तर हात ओला करून डोळ्यांना लावला. तुझ्या कॅमेऱ्यात ते आलं असेल.

आण्णांचं तुला सांगायला हवं. तू घाईत होतास. ते आधी बोलायला तयार नव्हते. "पानी आलं न्हाई, तर आलं कसं म्हनू?" हे त्यांनी तुला माझ्यासमोर विचारलं. तू म्हणालास, "आण्णा, महिन्याभरात येणारच आहे. आज म्हटलं काय अन् उद्या म्हटलं काय." त्यावर ते उठून खुर्चीत बसले. तू सांगितलंस ते एका दमात म्हणाले. "आता आमच्या गावाला पानी आलं. आमच्या बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली." रात्री जेवताना मला म्हणाले, "पोराची नोकरी नवी हाय." एवढंच.

दुसऱ्या दिवशी नळ सोडला तर नुसती फसफस हवा आली. तेव्हापासून तीच. पाणी कधी सुटणार हे तुझ्या साहेबांना विचारून कळव. अंगणवाडीत पोरांच्या खिचडीला पाणी मीच घरून नेते.

आईला नमस्कार.

तुझी ताई,
आम्रपाली


सांगली,
६ एप्रिल १९९७

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

काय सांगू तुला! फिल्म लागली. इथे केबलवर बातम्यांच्या आधी रोज दाखवतात. परवा आईला घेऊन शेजाऱ्यांकडे बसलो. आण्णा दिसले तशी आई उठून उभी राहिली, व्याही घरात आल्यासारखी. रथावर ती शिराळ्याकडे चालली आहे, मग जतच्या गावांत. स्टँडसमोरच्या मोठ्या फलकावर आण्णांचा फोटो लागलाय, मागे नळ आणि धार. खाली लिहिलंय, 'आमच्या गावाला पाणी आलं!' मी फलकाखाली उभं राहून चहा पितो आणि कुणी बघत असेल तर सांगतो, आमचे पाहुणे आहेत.

साहेब लालासाहेबांना म्हणाले, या एका म्हाताऱ्याने आमच्या साऱ्या भाषणांचं काम केलं. खरंच आहे ताई. मंत्र्याचं भाषण सुरू झालं की लोक चॅनेल बदलतात किंवा तंबाखू मळायला लागतात. पण आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखा बोलणारा माणूस समोर आला की हात थांबतात. आता बाकीच्या गावांच्या फिल्ममध्येही शेवटी आण्णांचंच वाक्य जोडायचं ठरलंय. आवाज तोच, चित्र त्या त्या गावाचं. मला शिकायला फार मिळतंय.

पाण्याचं मी विचारलं. कुठला तरी व्हॉल्व्ह यायचाय म्हणाले. येईल.

सासूबाईंना सांग, पुढच्या वेळी दोन कोंबड्यांची भरपाई करतो.

तुझा,
कपिल


बोरजाईवाडी,
१ मे १९९७

चि. कपिल यास,
जयभीम.

आमचा टँकर बंद झाला.

गेल्या उन्हाळ्यात दिवसाआड यायचा. या वर्षी पाडव्यानंतर सुरू व्हायला हवा होता. वाट पाहून सरपंच आकाराम तालुक्याला गेले. तिथल्या साहेबाने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "तुमच्या गावाला पाणी आलंय. मी स्वतः फिल्म पाहिली. पाणी असलेल्या गावाला टँकर लावला तर उद्या माझी चौकशी लागेल." आकाराम म्हणाले, नळाला हवा येते. साहेब म्हणाला, "मग तुमच्या गावचा तो म्हातारा खोटं बोलतो का?"

आकाराम परत आले आणि पारावर त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून आमच्या घराकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. सकाळी विहारासमोर आण्णा पेपर वाचून दाखवायचे. आपल्या वस्तीतले तर असायचेच, पण वरच्या आळीतलेही चारजण येऊन बसायचे. आता कुणी येत नाही. आण्णा एकटेच मोठ्याने वाचतात, मग मनात वाचतात, मग घडी घालून घरात येतात. हरणाबाई विहिरीवर मला म्हणाली, "तुमच्या म्हाताऱ्याला काय मिळालं गं? आमाला तरी सांग." तिला काही मिळालं नाही म्हटलं तर खरं वाटलं नाही. काही न मिळता माणूस असं का बोलेल, असं तिला वाटतं.

आम्ही पाणी आता ओढ्यापलीकडच्या खासगी विहिरीवरून आणतो. सासूबाई आणि मी दोन खेपा करतो. तिसरी आण्णा करतात, सायकलला दोन कॅन बांधून. चढाला सायकल हातात धरून चालवतात. मी नको म्हटलं तर ऐकत नाहीत.

परवा ते स्वतः तालुक्याला गेले. मला बरोबर नेलं होतं, म्हणून काय झालं ते मी पाहिलं. साहेबाने ओळखलं. उठून हात जोडले. "या या, तुम्ही तर आमचे हिरो." आण्णा म्हणाले, "साहेब, मी त्या दिवशी बोललो त्ये खरं न्हवतं. पानी आल्यालं न्हाई."

साहेब हसला. "तुम्हीच म्हणालात की, आण्णा. साऱ्या जिल्ह्याने ऐकलं."

"मला म्हनायला लावलं."

"कुणी?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. साहेबाने पुन्हा विचारलं. "कुणी लावलं, नाव सांगा, मी आत्ता बघतो त्याच्याकडे." आण्णांनी टोपी घातली, नमस्कार केला आणि बाहेर आले.

एस.टी.त ते खिडकीकडे बघत बसले होते.

तुझ्या साहेबांना सांग. लालासाहेबांना सांग. फिल्म थांबवायला सांग.

आम्रपाली


सांगली,
११ मे १९९७

प्रिय ताई,
जयभीम.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवू नकोस. लालासाहेब फोडतात. ते आधी त्यांनी वाचलं, मग माझ्या हातात दिलं.

ताई, मी कॅमेरा धरतो. टाकीत टँकर ओतायचं मी ठरवलं नव्हतं, टँकर बंद करायचंही मी ठरवलं नाही. फिल्म मुंबईला गेली, तिच्या कॅसेटी सगळीकडे गेल्या. आता ती थांबवणं लालासाहेबांच्याही हातात नाही. गावाने अर्ज करावा, सगळ्यांच्या सह्या घेऊन. अर्जाला उत्तर द्यावंच लागतं.

इथे पाट्यांच्या कामात काय हाल होते ते तुला ठाऊक आहे. आईच्या छातीचा फोटो पुन्हा काढायला सांगितलाय. आण्णांना सांग, मनावर घेऊ नका. त्यांचा माझ्यावर राग असेल तर तो रास्त आहे, मी येऊन पाया पडेन. पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका.

कपिल


सांगली,
२४ मे १९९७

प्रिय ताई,
तुझं उत्तर आलं नाही. मायाला बरं नाही का? की तू मुद्दामच लिहीत नाहीस?

हे पत्र घाईने लिहितोय. येत्या बुधवारी रथ बोरजाईवाडीला येणार आहे. तिथे जलपूजन ठेवलंय. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार, नळाला हार घालणार, गावाला गावाचीच फिल्म दाखवणार आणि गाव ती बघतंय याचं पुन्हा शूटिंग होणार. त्याची दुसरी फिल्म निघेल. कॅमेऱ्यावर मीच आहे.

ताई, हात जोडून सांगतो. त्या दिवशी आण्णांना फलटणला भाऊजींकडे पाठव. काहीही कारण सांग. सगळ्यांसमोर काही वेडंवाकडं झालं तर त्यांचीच शोभा होईल. त्यांच्या वयाला ते झेपणार नाही.

तुझा,
कपिल


बोरजाईवाडी,
२६ मे १९९७

कपिल,
औंधला जाणाऱ्या माणसाच्या हातून हे पोस्टात टाकतेय. वेळेत मिळेल का माहीत नाही.

तुझं पत्र मी आण्णांना वाचून दाखवलं. सगळं. 'माझं नाव कुठे येऊ देऊ नका' हे आधीच्या पत्रातलंही. त्यांना तुझा राग आहे असं तू समजतोस. त्यांनी एकच विचारलं, "कॅमेऱ्यामागं कपिलच असनार न्हवं?" मी हो म्हटलं. "मग काय अडचन न्हाई," म्हणाले आणि सदरा धुवायला दिला.

फलटणला जाणार नाहीत.

आम्रपाली


बोरजाईवाडी,
३१ मे १९९७

चि. कपिल यास,
जयभीम.

तुला ताप आला असं तुझ्या जागी आलेल्या माणसाने सांगितलं. ताप होता असं धरून लिहिते. काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

रथ दुपारीच आला. साहेब संध्याकाळी आले. शाळेसमोरच्या नळाला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. नळ काही कुणी सोडून बघितला नाही. भाषणं झाली. आण्णा पहिल्या ओळीत पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. कॅमेरावाला समोर आला तेव्हा त्यांनी मान वाकडी करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तू नाहीस हे बघून ते जरा खचल्यासारखे झाले. मला वाटलं, आता ते बोलणार नाहीत.

मग फिल्म लागली. औंधच्या यमाईचा डोंगर, आपली शाळा, टाकी. पाण्याची धार. हरणाबाई डोळ्यांना हात लावतेय. लोक गप्प बघत होते. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, किती छान आहे हे गाव. आणि मग पडद्यावर आण्णा आले, घराएवढे मोठे. "आता आमच्या गावाला पानी आलं..."

आण्णा उठले आणि पडद्याजवळ जाऊन त्या चेहऱ्याला म्हणाले, "गप रं!"

पोरं हसली. मोठीही हसली. पण पडद्यावरचे आण्णा बोलतच राहिले, मग हसणं थांबलं. आण्णा लोकांकडे वळले. आवाज पलटणीतला. "ह्यो मीच हाय. मी त्या दिशी खोटं बोललो. मला वाटलं, म्हैन्याभराचीच गोष्ट हाय. तुमचा टँकर माझ्या तोंडानं बंद झाला. आज मी खरं बोलतोय, तर आज बी कॅमेरा हिकडं फिरवा."

साहेबांनी हाताने खूण केली. रथवाल्याने कर्ण्याचा आवाज वाढवला. पडद्यावर गाणं सुरू झालं, त्यात आण्णांचं बोलणं बुडून गेलं. ते तरी बोलतच होते. ओठ हलताना दिसायचे.

तेव्हा सासूबाई उठल्या. तुला ठाऊक आहे, त्या चारचौघांत तोंड उघडत नाहीत. घरात गेल्या, रिकामी घागर घेऊन आल्या, हार घातलेल्या नळाखाली ठेवली आणि बाजूला उभ्या राहिल्या. तोटी सोडली. फस्स. त्यांच्यामागे हरणाबाई जाऊन कळशी घेऊन आली. मग एकेक. थोड्या वेळाने शाळेच्या कोपऱ्यापर्यंत रांग लागली. कुणी घोषणा दिल्या नाहीत. गाणं चालू, बायका रांगेत, नळाला हवा.

साहेब जेवायला थांबले नाहीत. आकारामांनी बोकड कापला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारासमोर आण्णांनी पेपर उघडला तेव्हा हरणाबाईचा नवरा येऊन बसला. बातमी आली का विचारत होता. बातमी आली नव्हती.

तापाचं औषध घे.

ताई


सांगली,
१९ जून १९९७

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

ताप नव्हता. ते तुलाही ठाऊक आहे.

आण्णा घरी किती सांगतील माहीत नाही, म्हणून मी लिहितो. परवा ते तालुक्याला गेले होते ते मला भेटायला. मी त्यांना वेगळं कार्ड टाकून बोलावलं होतं.

झालं असं की तुमच्या गावची कॅसेट दुकानात आली ती कापून जोडायला माझ्याकडेच दिली. त्या माणसाने कॅमेरा बंद केलाच नव्हता. आण्णा उठलेले, हात वर केलेला, सासूबाईंची घागर, मागची रांग, सगळं त्यात आहे. लालासाहेबांनी ते तीनदा बघितलं. मला वाटलं, आता कॅसेट पुसायला सांगतील. तर खूश झाले. म्हणाले, "रांग काय सुंदर आलीय! आवाज काढून टाक, खाली सनई टाक. म्हाताऱ्याचा वर केलेला हात घे, आशीर्वाद दिल्यासारखा दिसतो."

ताई, बसवून बघितलं तर खरोखर तसाच दिसतो. आवाज नसला की दिसतो. सासूबाई नळाकडे बघतायत ते कृतज्ञतेने बघतायत असं वाटतं. मी तिथपर्यंत जोडलं आणि मग मला पुढे जाता येईना. उठलो. लालासाहेब म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, ही माझ्या बहिणीची सासू आहे. ते म्हणाले, "मग तर तुला अभिमान वाटायला पाहिजे." उरलेलं दुसऱ्याने जोडलं.

तालुक्याच्या स्टँडवर आण्णा आधीच येऊन बसले होते. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "त्ये नंतर. आधी काम." आम्ही त्या साहेबाकडे गेलो. मी सांगितलं, मी कपिल, चंदेरी व्हिडिओचा कॅमेरामन. यांना बोलायला मी लावलं. टाकीत टँकर ओतला ते मी उभा राहून बघितलं. बघितलं म्हणून सही करून देतो.

साहेबाने हातातल्या पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "हे तुम्ही आधी नाही म्हणालात, आता म्हणताय. उद्या आणखी काही म्हणाल. माणसं बदलतात. फिल्म तशीच राहते." आणि माझ्यासमोर त्याने लालासाहेबांना फोन लावला.

बाहेर आल्यावर मी आण्णांना म्हटलं, काही उपयोग झाला नाही. ते म्हणाले, "तुला नाव सांगायचं हुतं, सांगितलंस. चल, मिसळ खाऊ." मिसळ त्यांनीच चारली. घरी चल म्हणत होते. मी तिथूनच सांगलीच्या गाडीत बसलो. गावात यायचं तोंड नव्हतं.

नोकरी गेली हे वेगळं सांगायला नको. ब्रश अजून माळ्यावर होते. आईचा फोटो चांगला आला.

कपिल


बोरजाईवाडी,
८ जुलै १९९७

चि. कपिल यास,
अनेक आशीर्वाद.

टँकर सुरू झाला, गेल्या आठवड्यापासून. पाऊस अजून नुसता भुरभुरतोय, त्यामुळे हवाच होता. ड्रायव्हरजवळच्या कागदावर गावाचं नाव आमचं नाही, शेजारच्या वाडीचं आहे. आकारामांनी विचारलं तर तो म्हणाला, "तुमच्या गावाला पाणी आहे ना, म्हणून तुमच्या नावाने पाठवता येत नाही." म्हणजे आम्हाला पाणीही मिळतंय आणि फिल्मही खरी राहिलीय. आण्णा म्हणाले, बायकांच्या घागरी भरतायत, नाव कुणाचं का असेना.

तुझ्यामुळे झालं की रांगेमुळे की आकारामांनी कुणाला धरलं, कळायला मार्ग नाही. तालुक्याच्या साहेबाची बदली झाली म्हणतात.

तू गावात ये. तोंड नाही म्हणतोस, पण इथे कुणी तुझं नाव काढत नाही. आण्णांनी फक्त घरात सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मग जेवायला कवा येतोय त्यो?"

ताई


सांगली,
५ ऑक्टोबर १९९७

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुमच्याकडून येताना सासूबाईंनी दिलेली घेवड्याची भाजी आईला अजून आठवते.

काम बरं चाललंय. गणपतीत मंडळांच्या पाट्या मिळाल्या, आता दिवाळीच्या आहेत. रथ पावसाळ्यात बंद होता, आता परत निघाला. सनईवाली फिल्म केबलवर लागली होती. मी पूर्ण बघितली. खोटं कुठे जोडलंय ते मला दिसतं, कारण मी ते करायला शिकलो होतो. शेजारी बसलेल्याला दिसत नाही. मी त्याला सांगितलं, या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या आहेत. तो म्हणाला, "रिकाम्या घेऊनच उभं राहतात की, भरायला."

आण्णांना नमस्कार.

कपिल


बोरजाईवाडी,
१४ डिसेंबर १९९७

चि. कपिल यास,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

टँकर पावसाळ्यात बंद झाला, आता पुन्हा ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जातो. आकारामांच्या अर्जुनाचं लग्न ठरलं. माघात आहे. तुला आणि आईला आवतण पाठवणार आहेत. कसं ठरलं ते सांगते.

तुला ठाऊक आहे, अर्जुनाला चार वर्षं मुली बघतायत. पोरगा चांगला, थोडी बागायत असती तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण पाणी नाही म्हटलं की पाहुणे चहा पिऊन जातात. गेल्या आठवड्यात जतकडचे पाहुणे आपण होऊन आले. मुलीची आई शालूबाई आणि मुलीचा चुलता. त्यांच्या गावात रथ गेला होता. फिल्म बघून त्यांनी चौकशी केली, हे पाणी आलेलं गाव कुठलं, तिथे आपल्यातलं स्थळ आहे का. मुलीला जन्मभर डोक्यावर घागर नको, म्हणून एवढ्या लांब आले.

आदल्या दिवशी आकाराम आमच्या घरी आले. बसले. बराच वेळ शेतीचं बोलले. मग म्हणाले, "आण्णा, पाव्हनं तुमाला बघायचं म्हनत्यात. फिल्ममधलं म्हातारं कुठं हाय म्हनून इचारत हुते. उद्या या. जास्त बोलू नगा. व्हय म्हना फकस्त. पोराच्या जल्माचा प्रश्न हाय."

आण्णांनी त्यांना दारापर्यंत सोडलं. ते गेल्यावर मला म्हणाले, "पुन्यांदा त्येच. आन् पुन्यांदा पोरासाठीच." त्यांना झोप लागली नसावी.

दुसऱ्या दिवशी मी पोहे-चहाला मदत करायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. आकारामांच्या सोप्यात आण्णांसाठी खुर्ची ठेवली होती. इतक्या वर्षांत ते त्या सोप्यात खुर्चीवर कधी बसले नव्हते. शालूबाई बारीक, काळी, फार बोलणारी नव्हे. आण्णांना बघून पदर सावरला आणि हसली. "तुमी व्हय त्ये. पडद्यावर लय मोठं दिसता." मग तिने नीट विचारलं, "पानी रोज येतंय न्हवं आण्णा?"

आकाराम खाली बघत होते. अर्जुना दारात उभा होता. आण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"न्हाई बाई. एकच दिवस आलं हुतं, टँकरमधनं. त्येच दाखवत्यात. आमच्या बायका अजून ओढ्यापल्याडनं आनत्यात. पोरगं लाखात एक हाय, त्येचं मी खात्रीनं सांगतो. पान्याचं सांगनार न्हाई."

अर्जुना दारातून आत निघून गेला. मुलीच्या चुलत्याने पिशवी उचलली. शालूबाई मात्र बसून राहिली. बशीतला चहा तिने संपवला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "ओढा किती लांब हाय?"

मी दारातून हात करून दाखवलं. तिने उठून बाहेर येऊन बघितलं. ओढ्यापलीकडची विहीर, चढ, पायवाट. बराच वेळ बघत होती. आत येऊन चुलत्याला म्हणाली, "भावजी, बसा खाली. आपल्यापरास जवळ हाय."

मग तिने सांगितलं. त्यांच्या गावाची पण फिल्म काढली आहे, मागच्याच्या मागच्या वर्षी. ती स्वतः त्यात आहे, नळाखाली घागर घेऊन, नवं लुगडं नेसून. लुगडं शूटिंगवाल्यांनी दिलं आणि जाताना परत नेलं. नळाला त्यानंतर थेंब नाही.

आण्णा पुढे वाकले. "आवं बाई, तुमचीच फिल्म खोटी, हे तुमाला ठावं. मग आमची खरी कशी मानली?"

"आमाला वाटलं," शालूबाई म्हणाली, "खोटी आमची एकट्याचीच आसंल."

तुझी ताई,
आम्रपाली